दोन डॉलरवरचा जेफरसन

मार्लो लँडिंग,
सोमवार, ३ मे १९५४

मिस्टर ट्रुइट यांस,

तुमच्या दोन पँटी, बनियन, दाढीचं सामान आणि चष्म्याचं घर या पार्सलात आहे. पत्ता तुम्ही फोनवर लेकीला, रूथीला सांगितलात, मला नाही, पण पार्सल बांधायला ती नाही, मीच बसले. दोरी परत पाठवलीत तर बरं होईल, चांगली लांब आहे. काळा सूट पाठवलेला नाही. तो चर्चचा सूट आहे आणि डोरी पॉइंटला तुम्हाला त्याचं काही काम पडेल असं वाटत नाही. तिथून रेसच्या मैदानाची बस सुटते हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

शनिवारी जे झालं त्यावर मला फार लिहायचं नाही. पण तुम्ही एक शब्द न बोलता टोपी घेऊन निघालात, तेव्हा माझी बाजू निदान कागदावर असू दे.

मी तुमचा कोट उसवायला घेतला होता, अस्तर फाटलं म्हणून. आतल्या खिशात रबर लावलेली गुंडाळी निघाली. सगळ्या दोन-दोन डॉलरच्या नोटा. आपल्या घरात नोटेवरच्या प्रत्येक चेहऱ्याला त्याची जागा आहे, हे तुम्हाला सांगायला नको. एकचा वॉशिंग्टन किराण्याच्या पाकिटात. पाचचा लिंकन कोळशाच्या आणि डॉक्टरच्या. दहाचा हॅमिल्टन कराच्या. वीसचा जॅक्सन आला तर तो पाहुणा, एक रात्र राहून विम्याकडे जातो. पंचवीस वर्षं मी या माणसांना ओळखते. जेफरसनला मात्र आपल्याकडे पाकीट नाही, कारण दोनची नोट चांगल्या घरात येतच नाही. ती कुठे चालते ते माझ्या वडिलांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. रेसच्या खिडकीवर दोन डॉलरचा डाव लागतो, म्हणून तिथे. आणि त्यातल्या तीन नोटांचे कोपरे फाडलेले होते. हरणारी माणसं अपशकुन जावा म्हणून कोपरा फाडतात, हेही मला वडिलांनीच सांगितलं.

रेव्हरंड स्टर्गिस चहाला यायचेच होते. मी ते मुद्दाम जुळवून आणलं असं रूथी म्हणते. तिला म्हणू दे. गुंडाळी मी बशीशेजारी ठेवली आणि विचारलं, "हे काय आहे, मिस्टर ट्रुइट?"

"नोटा आहेत, हेटी."

"कुठल्या?"

"अमेरिकेच्या."

रेव्हरंडनी खाकरून विचारलं, "ब्रदर ट्रुइट, पूल झाल्यापासून आपली बरीच माणसं पलीकडे रेसला जाऊ लागली आहेत. तुम्ही जाता का?"

तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलंत. म्हणालात, "हिने ठरवलंच आहे तर मी कशाला सांगू?" बस्स. एवढंच.

निरपराध माणूस असं बोलतो का? मी रात्रभर हाच विचार केला. काल डाव्या रांगेची दानाची थाळी मिस्टर बाउंड्सनी फिरवली. तुमच्या सोळा वर्षांनंतर त्या रांगेत दुसरा माणूस. सगळे माझ्या टोपीकडे बघत होते.

प्रभू तुम्हाला सद्बुद्धी देवो.

हेटी ट्रुइट


मार्लो लँडिंग,
शुक्रवार, २१ मे

लेव्हिन,

दोरी मिळाली. मागच्या वेळी लोकांसमोर बोलते तसं लिहिलं होतं. आज तेवढं अवसान नाही.

दुकानात मला मिसेस हँडी भेटल्या. त्यांच्या नवऱ्याचा कारखाना, त्यांच्या नवऱ्याचे डब्यातले टोमॅटो, त्यामुळे त्यांना सगळं माहीत असणारच. पिठाच्या पोत्यावर हात ठेवून म्हणाल्या, "फेब्रुवारीत लेव्हिनला सोडताना आमच्या ह्यांच्या जिवावर आलं होतं गं. बावीस वर्षांपासूनचा कारकून. पण नवीन हिशोबाचं यंत्र आणलं ना."

मी म्हणाले, "हो, ते तर म्हणालेच होते मला." आणि बेकिंग सोडा घेतला, जो घरात होता.

फेब्रुवारीत. म्हणजे फेब्रुवारीपासून रोज सकाळी मी तुझा डबा भरत होते. उकडलेलं अंडं, पाव, थर्मासात कॉफी. तू दारात उभा राहून म्हणायचास, "आज उशीर होईल, हेटी, जुनी खाती बंद करतोय." आणि संध्याकाळी यायचास तेव्हा हातांना रॉकेलचा वास यायचा. मी विचारलं होतं एकदा. "यंत्रं पुसायला लावतात आता," म्हणालास. मी त्यावरही विश्वास ठेवला. जेवणही दुप्पट झालं होतं तुझं, ते तर मी हौसेनं वाढलं.

पगारही आणून देत होतास. वॉशिंग्टन आणि लिंकन, नेहमीसारखे. मी ते पाकिटांत घातले, त्यातून पीठ-साखर आणली, रूथीचं दातांचं काम करून घेतलं. आणि दशांश बाजूला काढला. लेव्हिन, तो दशांश मी दर महिन्याला देवाच्या घरात दिला. रेसच्या पैशाचा दहावा भाग. ही गोष्ट माझ्या छातीवरून उतरत नाही. रेव्हरंडना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तुमचा हेतू शुद्ध होता, सिस्टर ट्रुइट. पण ते बोलताना त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहून घेतलं.

आता बायका मला बघून बोलणं बदलतात. मिसेस बाउंड्स येऊन एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून अर्धा पाउंड केक ठेवून गेल्या, जणू घरात कोणी गेलंय. केक कोरडा होता. रूथीने खाल्ला.

मी दोन घरांचं इस्त्रीचं काम घेतलं आहे. कॉलर उलटून शिवायचंही. गुडघे बोलतात, पण ते कधी गप्प होते? कोळशाला अजून वेळ आहे. मला तुझ्याकडून काही नको, फक्त एवढं सांग, की मी प्रार्थनेत तुझं नाव घेताना नक्की काय मागू. इतकी वर्षं मी 'त्यांचं रक्षण कर' म्हणत आले. आता त्या वाक्यापाशी आलं की मला झोप येते. खरंच झोप येते, गुडघ्यांवर असतानाच.

हेटी


मंगळवार, ८ जून

लेव्हिन,

तुझं पाकीट आलं. पत्र नाही, चिठ्ठी एवढीशी, "रूथीचे बूट. उरतील ते कोळशाला." आणि आत पुन्हा तेच. जेफरसन, जेफरसन, जेफरसन. एवढं सगळं होऊनही तू मला त्याच नोटा पाठवतोस. मी टेबलाशी बसून बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. चिडायलासुद्धा ताकद लागते.

त्या घरात ठेवायच्या नव्हत्या म्हणून बँकेत नेल्या. खिडकीत ओपल डॅशिएल होती. तिने नोटा पंख्यासारख्या धरल्या.

"काय गं हेटी, घोडं जिंकलं वाटतं?"

"बदलून दे, ओपल. पाच-पाचच्या दे."

"देते बाई. पण आमच्या गल्ल्यात यांना खणच नाही बघ. एकचा आहे, पाचचा आहे, दहाचा आहे. हा मेला कुठे ठेवायचा कळत नाही, म्हणून आम्ही याला खालच्या कप्प्यात टाकतो, जुन्या चेकांबरोबर." मग वाकून हळूच म्हणाली, "कोपरे चांगले आहेत सगळे. म्हणजे अजून नशीब आहे त्याचं."

रांगेतल्या दोन माणसांना ते ऐकू गेलं. मी नोटा तिच्या हातातून परत घेतल्या आणि बाहेर आले. म्हणून सगळ्या नोटा माझ्याकडेच आहेत. म्हणजे सगळ्या नाहीत. रूथीचे बूट आणले. पोरीचा अंगठा बाहेर आला होता, आणि मी स्वतःला समजावलं की बुटाच्या दुकानदाराला नोट कुठून आली हे माहीत नाही. पण दुकानदाराने ती दिव्यासमोर धरली आणि माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याचे पैसे मी वेगळे दिले असं समज.

रूथी त्या रात्री स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. तिचं तुला माहीतच आहे, तुझी बाजू घ्यायला तिला निमित्त लागत नाही. मटार ठेवून हातात पाच सेंटचं नाणं घेऊन माझ्याकडे आली.

"आई, हा कोण?"

"मस्करी नको."

"सांग ना. कोण?"

"जेफरसन."

"आणि पाठीवर?"

"त्याचं घर."

"आणि दोनच्या नोटेवर?"

तीच म्हणाली, "तोच माणूस, तेच घर. सहा वर्षांची होते तेव्हापासून दर रविवारी तू मला हाच माणूस देवाच्या थाळीत टाकायला देतेस. मग कागदावर आला की तो जुगारी होतो?"

"कागदाचा प्रश्न नाही, रूथी. कुठून आला हा प्रश्न आहे."

"मग कुठून आला ते विचारलंस का बाबांना?"

"विचारलं. तू दारातच तर होतीस."

"रेव्हरंडसमोर विचारलंस. एकटीनं विचारलंस का?"

मी तिला मटार संपव म्हणाले. ती संपवून झोपायला गेली. तेव्हापासून ते वाक्य घरात फिरतंय. भांडी घासताना, इस्त्री करताना. एकटीनं विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस? काही सांगितलं असतंस का?

नोटा पोस्टाने परत पाठवणार नाही. मी स्वतः येऊन तुझ्या हातात देईन. आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघेन की तू कुठे राहतोस, कोणाबरोबर उठतोस-बसतोस. रविवारी येईन, कधी ते सांगत नाही. आधी सांगितलं तर तू दाढी करशील आणि मला काही कळणार नाही.

हेटी


मार्लो लँडिंग,
रविवार, २० जून, संध्याकाळ

लेव्हिन,

तू आत्ता तुझ्या खोलीत बसून विचार करत असशील, की ही आली काय आणि आशीर्वचनाच्या आधी उठून गेली काय. बसमध्ये मी हे पत्र मनातल्या मनात तीनदा लिहिलं. आता लिहायला बसले तर सगळं पुसलं गेलंय.

रूथीने तुझ्यासाठी टाय दिला होता, आज वडिलांचा रविवार म्हणून. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे. मी तोसुद्धा देऊ शकले नाही.

पहाटेची बस घेतली. पुलावरून जाताना डोळे मिटून घेतले, इतकं पाणी मला सोसत नाही. डोरी पॉइंटला उतरले तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. रविवार चुकवायचा नाही, म्हणून ठरवलं आधी उपासना, मग तू. तुला तिथे बघेन असं स्वप्नातही नव्हतं. मागच्या बाकावर बसले. शेजारी एक म्हातारी, जाळीचे हातमोजे, तोंडात लवंग. मिसेस टॉड म्हणाली नाव. तू ओळखतच असशील.

दानाचं स्तोत्र सुरू झालं आणि तिने पर्समधून दोनची नोट काढली. माझ्यासमोर, भर चर्चमध्ये, तिचा एक कोपरा दाताने धरून फाडला आणि मांडीवर ठेवली.

मला बघून म्हणाली, "चार कोपरे जाईपर्यंत चालते, बाई. माझी आजी फाडायची, मीही फाडते. देव काही मोजत नाही कोपरे."

"चर्चमध्ये ही नोट चालते?"

"न चालून काय करेल? गावात दुसरी राहिलीच नाही." आणि मग तिने जे सांगितलं ते तुला माहीतच आहे, पण मला पहिल्यांदा कळलं. गोदीचा मालक आणि दुकानदार यांचं वर्षभर भांडण चाललंय. खाडीतला गाळ काढायला कर द्यायला दुकानदार तयार नाहीत. म्हणाले, गोदीचा आम्हाला काय उपयोग, नुसता धूर आणि आवाज. मग मालकाने गोदीचा सगळा पगार दोनच्या नोटांत वाटायला सुरुवात केली. "आता खाटकाचा गल्ला भरला की त्यालाच दिसतं, कोणामुळे भरला ते," म्हातारी म्हणाली. "न्हाव्याकडे जेफरसन, पेट्रोलवाल्याकडे जेफरसन. परवा रेव्हरंड म्हणाले, या गावात देवानंतर हाच." आणि हसली, दात नसलेलं हसू.

मी विचारलं, "गोदीत काम करणारे सगळे..."

"सगळे. तो बघ ना, थाळी घेऊन येतोय तो उंच. सोनेरी केसांचा. फेब्रुवारीत आला. पन्नाशी उलटलेला माणूस, पोरांबरोबर जहाजाच्या पोटाखाली उताणा पडून गंज खरवडतो. पोरं त्याला 'प्रोफेसर' म्हणतात, हिशोब चांगला करतो म्हणून. भला माणूस. मे महिन्यात इथेच राहायला आला. बायको आजारी आहे म्हणे पलीकडे, रोज जाऊन-येऊन करणं जमेना."

"कसला आजार?"

"ते नाही सांगत. कोणी विचारलं तर म्हणतो, दमली आहे."

लेव्हिन, मी त्या बाकाला हाताने धरून बसले.

तू बाक-बाक करत येत होतास. हातात पितळी थाळी, आणि तिच्यात सगळे तेच. एकावर एक, कोणी दुमडलेला, कोणी कोपरा गेलेला, सगळे उजव्या बाजूला बघत, शांत, कसलीच लाज नसलेले. माझ्या पर्समध्ये तुझ्याच नोटा होत्या, तुझ्या तोंडावर टाकायला आणलेल्या. त्याही अशाच थाळीतल्यासारख्या दिसल्या असत्या.

तू माझ्यासमोर आलास. तुझ्या नखांत काळा रंग होता. रॉकेलने निघत नाही वाटतं तो. थाळी पुढे केलीस आणि तेव्हा मला पाहिलंस. चेहऱ्यावर काहीही हललं नाही. सोळा वर्षं थाळी फिरवली आहेस, तुला सवय आहे. फक्त हळूच विचारलंस, "गुडघे?"

मी म्हणाले, "बरे आहेत."

माझ्या मुठीत नेहमीचं पाच सेंटचं नाणं होतं, बसमधूनच धरून ठेवलेलं. ते मी टाकलं. नोटांवरून घरंगळून ते कडेला पितळेवर वाजलं. सगळ्या चर्चमध्ये आवाज तेवढा माझाच झाला. तू पलीकडच्या बाकाकडे गेलास.

पुढची दोन स्तोत्रं मी ऐकली नाहीत. मला आठवत होतं ते गेल्या थंडीतलं. मिसेस बाउंड्सचा मुलगा गोदीत लागला तेव्हा मी जेवताना काय म्हणाले होते? "डांबराच्या हातांनी कोणी माझ्या टेबलक्लॉथला शिवायचं नाही." तू चमचा खाली ठेवला होतास. त्यानंतरच्याच महिन्यात हँडींनी तुला काढलं. तू दर पंधरवड्याला नोटा कुठेतरी बदलून आणायचास, वॉशिंग्टन आणि लिंकन करून. त्या शनिवारी बदलायला वेळ मिळाला नसावा. एवढंच झालं होतं. एका शनिवारी बँक बंद होती, आणि मी तुझ्यावर रेसचा आळ घेतला.

आशीर्वचनाला थांबले असते तर तुझ्याशी बोलावं लागलं असतं, आणि मला बोलता आलं नसतं. तू दारात उभा असशील, लोकांशी हात मिळवत, आणि मी पुन्हा सगळ्यांसमोर काहीतरी बोलले असते. म्हणून मागच्या दाराने निघाले. बस लगेच मिळाली नाही. बाकावर बसून होते, गोदीच्या भिंतीसमोर. तू शोधत आला नाहीस. बरोबर केलंस.

दमली आहे, असं सांगतोस लोकांना. खोटं नाही ते.

हेटी


मार्लो लँडिंग,
सोमवार, २८ जून

लेव्हिन,

टाय वेगळ्या पाकिटातून पाठवला आहे, रूथी ऐकेना.

शुक्रवारी मी रेव्हरंड स्टर्गिसकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. म्हणाले, "सिस्टर ट्रुइट, चूक माणसाकडून होते. आपण हे शांतपणे मिटवू. मी बाउंड्सशी बोलेन, डॅशिएलबाईंशी बोलेन. हळूहळू सगळ्यांना कळेल."

"हळूहळू कळेल तसं हळूहळू विसरलंही जाईल, रेव्हरंड. पसरलं तेव्हा मी ते शांतपणे पसरवलं नव्हतं. तुम्हाला चहाला बोलावून पसरवलं होतं."

ते म्हणाले, "तुम्ही काय करणार आहात?"

"रविवारी बघा," मी म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं.

काल मी तुझ्या डाव्या रांगेत बसले. नेहमी आपण उजवीकडे बसतो ना, तू काम करताना मी बघू नये म्हणून. मिस्टर बाउंड्स थाळी घेऊन आले. ते ती दोन्ही हातांनी अशी धरतात की जणू आत गरम सूप आहे. मी तुझ्या नोटांतली एक काढली आणि उताणी ठेवली, चेहरा वर. बाउंड्सनी पाहिली आणि अंगठ्याने कोणाचं तरी दानाचं पाकीट तिच्यावर सरकवलं. मेहेरबानी म्हणून. मला वाचवायला.

मी हात घालून पाकीट बाजूला केलं. उभी राहिले. गुडघा वाजला, तो पुढच्या बाकापर्यंत ऐकू गेला असेल.

म्हणाले, "मिस्टर बाउंड्स, ती दिसू दे. ही माझ्या नवऱ्याच्या कमाईची आहे. डोरी पॉइंटच्या गोदीत तो गंज खरवडतो, आणि तिथे सगळ्यांना पगार याच नोटांत देतात. तो रेसला कधी गेला नाही. मी त्याला न विचारता तुम्हाला सगळ्यांना सांगितलं. आता हे सांगते."

एवढंच. जास्त लिहून ठेवलं होतं, ते विसरले. बसले. ऑर्गनवाल्या मिसेस हँडी थांबल्या होत्या, त्यांनी पुन्हा सुरू केलं तर चुकीचं स्तोत्र लागलं. मागून ओपलचा आवाज आला, तिला हळू बोलता येत नाही, "म्हणजे मी बँकेत जे म्हणाले ते..." आणि कोणीतरी तिला गप्प केलं. बाहेर कोणी माझ्याशी फार बोललं नाही. मिसेस बाउंड्सनी हात दाबला आणि म्हणाल्या, "माझा मुलगाही तिथेच आहे गं, हेटी. तो आम्हाला बदलूनच पैसे देतो. काय आहे ते सांगत नाही." त्यांचा केक कोरडा होता हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

एक पाकीट नवीन केलंय. वर नाव लिहिलंय, जेफरसन. कोळशाच्या आणि कराच्या मध्ये ठेवलंय. आत तुझ्या उरलेल्या नोटा आहेत. पहिली गुंडाळी अजून चहाच्या कपाटात आहे, रबरासकट. तिच्यातली एकही नोट खर्चलेली नाही, ती तुझी. कोपरे फाटलेल्या तीन नोटा मी गव्हाच्या खळीने चिकटवायला गेले, पण तुकडेच नाहीत.

तुझा काळा सूट घासून ठेवलाय. आणि ते टेबलक्लॉथ मी काढून टाकलं. जुनंच होतं तसंही, मधोमध विरलेलं. टेबल उघडं बरं दिसतं, पुसायला सोपं.

रेव्हरंड आज सकाळी येऊन गेले. म्हणाले, डावी रांग पुन्हा लेव्हिनला देऊ, तुम्ही त्याला तसं कळवा. मी म्हणाले, मी त्याच्या वतीने हो म्हणणार नाही. तो तिकडेही थाळी फिरवतो, तिथली माणसं त्याला मानतात. तिथे राहायचं तर राहू दे. गोदी सोडायची नसेल तर नको सोडू. मला एवढंच करायचं आहे जे मी मे महिन्यात केलं नाही.

रूथीला पावाच्या दुकानात पाठवलंय. मुद्दाम. पाव घरात आहे. शेजारी कोणी नाही, रेव्हरंड गेलेत, दार लावून घेतलंय, आणि हे पत्र कोणी वाचणार नाही. आता टेबलाशी फक्त मी आहे.

म्हणून आता विचारते, एकटीने. लेव्हिन, घरी येतोस का?

हेटी